माकडहाडावरची तीन भोकं

आजारपणावर लिहिणारी माणसं शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळी होतात. मी तसं करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मला जे झालं होतं त्यानं माणूस मरत नाही. पण वर्षभर मला धड बसता आलं नाही, आणि त्यातले बरेचसे महिने माणसांच्या आडमुठेपणात गेले. त्यात माझा स्वतःचा गप्प बसण्याचा वाटाही मोठा आहे. ज्यांना आज त्याच जागी दुखतंय आणि सांगायची लाज वाटतेय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी बावीस वर्षांची होते. चिंचवड स्टेशनजवळ दोन खोल्यांत नाना, आई आणि मी राहायचो. नाना बार्शीहून आलेले, एका कारखान्यात टर्नर होते. मी भोसरीच्या एका कंपनीत कॉइल वाइंडिंगला जायचे. मोटारीच्या आत तांब्याच्या तारेची जी वेटोळी असतात ना, ती गुंडाळायचं काम. लोखंडी स्टुलं, ओळीनं बसलेल्या बायका, आठ तास मान खाली. मी टेम्पररी होते. सहा महिने झाले की ब्रेक द्यायचे आणि पुन्हा घ्यायचे. त्या वर्षी काही जणींना पर्मनंट करणार अशी बोलवा होती, त्यामुळे कुणी रजा घेत नव्हतं, कुणी तक्रार करत नव्हतं.

मार्चमध्ये एका सकाळी स्टुलावर बसताना कळ आली. माकडहाडावर, दोन्ही बाजूंच्या मधल्या घळीत, सुपारीएवढी गाठ लागली हाताला. चार दिवसांत ती लिंबाएवढी झाली आणि ताप भरला.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "उष्णता झाली असेल. सब्जा घे. आणि बाहेर कुठं बोलू नकोस."

हे "बाहेर बोलू नकोस" मी इतकं ऐकलं की पुढे कुणी न सांगताही मी ते पाळायला लागले.

*

कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला टेबलापलीकडूनच विचारलं, "कुठं दुखतंय?"

"मागे."

"मागे म्हणजे?"

मी खाली बघितलं. कंपाउंडर बाजूला उभा होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "गळू असेल." गोळ्या लिहिल्या. तिसऱ्या दिवशी ते आपोआप फुटलं. पू गेला, ठणका थांबला. मला वाटलं, सुटले.

महिन्यानं पुन्हा तेच. मग कायमचंच ओलं राहायला लागलं. मी परकरात जुन्या धोतराच्या घड्या घालून जायचे आणि दर दोन तासांनी संडासात जाऊन बदलायचे. सुपरवायझरच्या ते लक्षात आलं. ओळीतून उठले की तो मोठ्यानं म्हणायचा, "काय बाई, पाणी जरा जास्त होतंय का?" बायका हसायच्या. मीही हसायचे. त्या हसण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

हसायची नाही ती एकटी शेवंता. ती शेजारच्या स्टुलावर बसायची, भोसरी गावातलीच, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. एकदा ती हळूच म्हणाली, "कुमुद, तू एका अंगावर बसतीस. काय झालंय?"

"कंबर धरलीय," मी म्हणाले.

"व्हय का," ती म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं.

*

मे महिन्यात थेरगावहून मला बघायला आले. मुलगा, त्याचे वडील आणि एक आत्या. मी आईला आदल्या दिवशीच सांगितलं होतं की मला पाटावर बसवत नाही, खुर्ची दे. आई म्हणाली, "खुर्चीवर मुलगी बसते का? अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

अर्धा तास म्हणजे एक तास झाला. आत्याबाईंनी विचारलं, स्वयंपाक येतो का, नोकरी लग्नानंतर करणार का, भरतकाम येतं का. माझ्या पाठीतून घाम निथळत होता. मग आतून काहीतरी फुटल्यासारखं झालं. मी न विचारता उठले. पाटावर डाग होता.

आत्याबाईंनी तो पाहिला. तोंड वाकडं करून आईला म्हणाल्या, "अहो, तारखा बघून तरी बोलवायचं."

आणि माझी आई म्हणाली, "हो हो, चुकलंच आमचं."

मी दारात उभी होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की हे ते नाही, हा पू आहे, मला ताप आहे, मी आजारी आहे. पण आईला ती समजूत सोयीची वाटली होती. विटाळ चालला असता, आजार चालला नसता. थेरगावकडून निरोप आलाच नाही. आईनं तो पाट तीनदा घासला आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, जणू मीच काही केलं होतं.

तेव्हा नाना मध्ये पडले. मला काय झालंय हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं, पण माझं उभ्यानं जेवणं ते बघत होते. "उद्या मी खाडा करतो," ते म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात जाऊ."

*

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. मला टेबलावर पालथं झोपवलं. मोठे सर्जन आले, मागे सहा-सात शिकाऊ डॉक्टर. कुणीतरी पातळ वर केलं. सर्जन इंग्रजीत बोलत होते. मी अकरावीपर्यंत शिकलेले, सगळं नाही तरी थोडं कळत होतं. पुरुषांत जास्त होतं, बाईत क्वचित, ही केस बघून ठेवा. मग एकेक जण वाकून बघत गेला. मला त्यांचे बूट तेवढे दिसत होते.

नानांना त्यांनी बाहेर मराठीत सांगितलं, "पायलोनायडल सायनस म्हणतात याला. कातडीत केस शिरतात, आत पोकळी होते. काढून टाकू. सही करा."

नानांनी विचारलं, "साहेब, किती मोठं ऑपरेशन?"

"सांगितलं ना, काढून टाकू."

सही झाली. मला कुणी काही विचारलं नाही. ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी मी घरी दोन आरसे धरून ती जागा पाहिली. आईचा तळहात मावेल एवढा खड्डा होता. लाल, उघडा. टाके घातलेलेच नव्हते. तळापासून भरून यायला हवं म्हणून तसाच ठेवला होता. हे चुकीचं नव्हतं म्हणे, तेव्हा सगळीकडे असंच करायचे. पण मला सांगता आलं असतं की नाही? आरशात बघून मला भोवळ आली आणि मी मोरीत बसायला गेले, आणि बसता येत नाही हे विसरले.

*

रोज ड्रेसिंग. चिंचवडहून बसनं, दांडा धरून उभी. बसायला जागा रिकामी असली की कंडक्टर म्हणायचा, "बसा की ताई." मी म्हणायचे, पुढं उतरायचंय. आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत उभी राहायचे.

ड्रेसिंगच्या खोलीत पहिले आठ दिवस एक मुलगा होता, तो जखमेतलं कोरडं गॉज एका हिसक्यात ओढायचा. "एकदाच काय ते दुखतं," म्हणायचा. रोज एकदाच. नंतर शिंदे सिस्टरची पाळी लागली. तिनं पहिल्या दिवशी बाटलीतलं मिठाचं पाणी गॉजवर ओतलं आणि हात बाजूला घेऊन उभी राहिली.

"काय झालं?" मी उशीत तोंड खुपसून विचारलं.

"काही नाही. ओलं होऊ दे. मग आपोआप निघतं."

तेवढंच. पाच मिनिटं थांबायचं. ते गॉज निघालेलं मला कळलंही नाही आणि मी ढसाढसा रडले. आठ दिवस मी जे सोसलं त्याची गरजच नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

त्यातच रुग्णालयातल्या आयाबाईंनी आईला सांगितलं की ऑपरेशनात आतून केसांचा पुंजका निघाला, लांब लांब केस. ते माझ्याच डोक्याचे होते. वेणी सोडून मी झोपायचे, गळलेले केस कपड्यांतून खाली उतरत, आणि बसून बसून ते कातडीत घुसत. हे मला नंतर कळलं. आईला मात्र त्यात करणी दिसली. आळंदीच्या वाटेवरच्या कुठल्या तरी गावात जाऊन ती अंगारा घेऊन आली. कपाळाला लावला असता तर मी लावून घेतला असता. ती तो जखमेत घालायला आली. मी तिचा हात धरला. आईचा हात असा पिरगाळून धरायची वेळ माझ्यावर आली, याबद्दल मी कुणाला जबाबदार धरू?

"तुझ्या भल्यासाठीच ना गं," ती रडत म्हणाली.

"मग आधी बघ तरी, काय झालंय ते," मी म्हणाले. "तू एकदाही बघितलेलं नाहीस."

ती उठून गेली. तिनं बघितलं नाही.

शहात्तर दिवसांनी जखम भरली. मी कामावर परत गेले तेव्हा पर्मनंटची पहिली यादी लागून गेली होती. शेवंताचं नाव होतं. माझं नव्हतं.

*

जानेवारीत पुन्हा ओलं लागलं.

त्या दिवशी मी मशीनवर होते. हात थांबला, तार तुटली. मी कुणाशी न बोलता काम करत राहिले आणि सुट्टी झाल्यावर तशीच रुग्णालयात गेले.

सर्जननी पाहिलं आणि म्हणाले, "स्वच्छता ठेवत नाही तुम्ही."

मी पालथी होते. म्हणाले, "रोज दोनदा अंघोळ करते."

"मग असं होत नाही. आता मोठं करावं लागेल. बाजूचं मांस फिरवून आणून खड्डा बुजवू. पंधरा दिवस पालथं झोपून राहायचं. वडिलांना सहीला पाठवा."

ते कागदावर काहीतरी लिहीत होते. मी उठले, पातळ नीट केलं. माझ्या तोंडून निघालं, "नाही."

"काय नाही?"

"मी करून घेणार नाही. आणि सही माझी लागते, वडिलांची नाही. मी तेवीस वर्षांची आहे."

ते पहिल्यांदाच थांबले. मग म्हणाले, "मग पुन्हा येऊ नका."

मी बाहेर आले. नुसता राग होता. धाडस वगैरे काही नव्हतं ते. पुढं काय करायचं हे मला अजिबात माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेवंतानं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. पू, केस, पाट, खड्डा, सगळं. अर्ध्या ओळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. ती डबा खाली ठेवून ऐकत राहिली.

"अगं येडे," ती म्हणाली, "हे तर आमच्या दादाला झालं हुतं! मिल्ट्रीची गाडी चालवतो न्हवं का त्यो. दिघीला एक म्हातारा डॉक्टर हाय, फौजेतनं रिटायर झालेला. त्यानं दुपारी केलं आन् संध्याकाळी दादा चालत घरी आला. वर्षभर तू माझ्या शेजारी बसतीस आन् कंबर धरलीय म्हनतीस?"

ती माझ्यावर खरंच चिडली होती. आणि तिचं बरोबर होतं. एक वाक्य मी मार्चमध्ये बोलले असते तर माझं ते वर्ष वाचलं असतं.

*

दिघीच्या त्या डॉक्टरांना सगळे मेजरसाहेब म्हणायचे. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, एक टेबल, एक दिवा. त्यांच्या पत्नीच नर्स. माझ्याबरोबर नाना होते. मेजरसाहेबांनी नानांना नमस्कार केला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तू सांग बेटा. पहिल्यापासून."

मी सांगितलं. त्यांनी तपासायच्या आधी विचारलं, "बघू का?" मी मान हलवली. एवढ्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

तपासून झाल्यावर त्यांनी एका कागदावर चित्र काढलं. "हे बघ. ही जुन्या ऑपरेशनची खूण. तिच्या खालच्या टोकाला ही तीन बारीक भोकं. टाचणीच्या टोकाएवढी. केस इथून आत जातो. आधी एवढं मांस काढलं, पण ही भोकं त्याच्याही खाली होती, ती राहूनच गेली. आजाराचं मूळ तेच. मांसाचा काही दोष नव्हता."

नाना म्हणाले, "म्हणजे एवढा खड्डा उगाचच केला का हो?"

मेजरसाहेब म्हणाले, "माझ्या व्यवसायबंधूंबद्दल मी बोलणार नाही. पण जीप चालवणाऱ्या शेकडो पोरांना मी हा आजार झालेला पाहिला. आम्हीही आधी असेच खड्डे करायचो. पोरं महिनोन्महिने पडून राहायची. मग बाहेरच्या एका मासिकात वाचलं की नुसती भोकं काढून आतला मार्ग साफ केला तरी पुरतं. करून बघितलं."

"पुन्हा होणार नाही ना?" मी विचारलं.

"होऊ शकतं. खोटं कशाला सांगू? काहींना होतं. झालं तर पुन्हा एवढंच करू. आणि ती जागा दर आठवड्याला वस्तऱ्यानं साफ ठेवायची, डोक्याचे केस बांधून झोपायचं. स्वच्छतेचा इथं काही संबंध नाही. तू कितीही साबण लावलास तरी केस घुसणारच होता."

हे ऐकून मला इतका राग आला की इंजेक्शनची भीती निघून गेली.

तीन इंजेक्शनं दिली, ती चांगलीच झोंबली. मग जागा बधिर झाली. तांदळाच्या दाण्याएवढी कातडी तीन ठिकाणी काढली. मग त्यांनी एक छोटा ब्रश दाखवला, बाटली धुवायचा असतो तसा, पण काडीएवढा बारीक. तो त्या भोकातून आत घालून आतला मार्ग घासून काढला. सात-आठ केस निघाले. मेजरसाहेबांनी ते पांढऱ्या कापसावर ठेवून मला दाखवले. मी ते बघितले. एवढ्यासाठी माझं वर्ष गेलं होतं. अर्धा तासही लागला नाही. मेजरसाहेबांच्या पत्नीनं चहा दिला, तो मी उभ्यानं प्यायले, आणि आम्ही बसनं घरी आलो.

*

त्या तीन जागा तीन आठवड्यांत भरल्या. प्रश्न होता वस्तऱ्याचा. ती जागा आपली आपल्याला दिसत नाही. पहिल्या रविवारी मी आईला हाक मारली आणि नानांचा दाढीचा वस्तरा तिच्या हातात दिला.

ती दाराला कडी लावून आली. बराच वेळ काही झालं नाही. मग तिचा हात पाठीवर टेकला.  तिनं पहिल्यांदा तो जुना व्रण पाहिला होता.

"एवढं केलं होतं त्यांनी?" ती म्हणाली.

"हो."

ती हलक्या हातानं काम करत राहिली. मग म्हणाली, "कुमे, त्या दिवशी त्या पाटावरून तुला मीच उठवायला हवं होतं."

 तिनं पुढची चार वर्षं, माझं लग्न होईपर्यंत, एकही रविवार चुकवला नाही. ते मी विसरत नाही. आणि तो पाटही विसरत नाही. दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी आहेत.

*

एक काम राहिलं होतं. पर्मनंटची दुसरी यादी लागणार होती आणि कंपनीनं माझं प्रकरण अडकवलं. माझ्या फाइलीत मोठ्या रुग्णालयाचा कागद होता, त्यावर लिहिलं होतं: स्वच्छतेच्या अभावी वारंवार होणारा संसर्ग. आता बरी झाल्याचं सर्टिफिकेटही त्याच सर्जनकडून हवं होतं. दिघीचं चालणार नव्हतं.

गेले. फाइलीतला तो कागद मागून बरोबर घेतला होता. पुन्हा त्याच टेबलावर पालथी झोपले. सर्जननी पाहिलं.  बोटानं दाबून पाहिलं.

"कुणी केलं हे?"

मी सांगितलं.

"हं. ही पद्धत मी वाचलीय."

मी उठून बसले. "वाचली होती? माझ्या ऑपरेशनच्या आधी?"

"हो, पण आपल्याकडचे पेशंट नंतर तपासायला येत नाहीत. जखमेची काळजी घेत नाहीत. म्हणून एकदाच मोठं केलेलं बरं."

"मी शहात्तर दिवस रोज आले," मी म्हणाले. "इथंच. याच खोलीच्या शेजारी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की हा चेहरा त्यांना आठवत नाहीये. आठवेल कसा? त्यांनी तो कधी बघितलाच नव्हता.

त्यांनी सर्टिफिकेट लिहिलं आणि पुढं केलं. मी घेतलं नाही. "आधीच्या कागदावरची स्वच्छतेची ओळ खोडून द्या. सहीनिशी."

"त्यानं काय फरक पडतो आता?"

"मला पडतो."

ते चिडले होते. पण मी हलत नाही असं दिसल्यावर त्यांनी तो कागद ओढला, ओळीवर रेघ मारली, बाजूला सही केली. माफी वगैरे मागितली नाही. मी मागायला लावायला हवी होती, हे मला बसमध्ये बसल्यावर सुचलं.

दुसऱ्या यादीत माझं नाव लागलं. पण मला सांगायचंय ते त्याच दिवशीचं, रुग्णालयातून बाहेर पडतानाचं.

बाकडी रिकामी होती, आणि एक तिशीचा माणूस भिंतीला खांदा लावून उभा होता. एक पाय जरा वाकवून, सगळा भार दुसऱ्यावर. चाकणकडचा टेम्पो ड्रायव्हर निघाला. त्याला काय झालंय हे मला विचारायची गरजच नव्हती. बायकोच्या हातात कागद होता आणि वॉर्डबॉय तिला पेन देत होता.

"मावशी, इथं अंगठा चालत नाही, सही करायची. येते ना?"

ती पेन धरून जागा शोधत होती. मी तिच्यापाशी गेले.

"थांबा. अजून सही करू नका. आधी आत जाऊन डॉक्टरांना विचारा, किती मोठं कापणार, आणि याहून लहान काही होतं का. उत्तर मिळाल्याशिवाय करू नका."

"ओ बाई, तुम्ही कोण?" वॉर्डबॉय ओरडला. "तुमचा काय संबंध?"

मी त्याच्याकडे वळून, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, मला काय झालं होतं, कुठं झालं होतं आणि या इमारतीत माझं काय केलं. माणसं वळून बघायला लागली. वॉर्डबॉयनं मान खाली घातली. भिंतीला टेकलेला तो ड्रायव्हर मात्र माझ्याकडेच बघत होता. त्यानं बायकोच्या हातातला कागद घेतला, घडी घातली आणि तो सर्जनच्या खोलीच्या दिशेनं चालायला लागला.

आत काय झालं, मला माहीत नाही.